उगाच वाजवलेलं

...त्या तुकड्याची एक कड अजून खरखरीतच होती. अंगठ्याने चाचपली की जाणवायची. बाकीच्या दोन कडा मात्र दगडावर घासून घासून इतक्या गुळगुळीत केलेल्या, की नखाचाच तुकडा वाटावा. पांढरं प्लॅस्टिक. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण असणार, कारण दूध संघाच्या निळ्या छापातलं एक अर्धं अक्षर त्यावर राहून गेलं होतं... ‘घ’ असेल, किंवा ‘ध’, कळत नव्हतं. उत्पला साळवे खिडकीशी उभी राहून तो तुकडा उजेडात धरून बघत होती आणि मागे गॅसवरचा चहा उतू जायच्या बेतात आला होता.

नगरहून आणलेल्या, गिटारच्या तारा छेडायच्या खऱ्या पिका तिच्याकडे शिकणाऱ्या मनकर्णानं दोन दिवसांत हरवल्या होत्या. “ह्याला काय म्हणत्यात मॅडम?” असं पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं. “पिक.” “पीक?” आणि मग ती पोर तोंडाला ओढणी लावून हसली होती, “यंदा आमच्या घरात तेवढं एकच पीक आलं मग.” त्या पिका हरवल्यावर हा तुकडा तिनं स्वतःच कापून आणला. असल्या तुकड्यानं वाजत नाही, असं उत्पला म्हणाली होती, आणि ते खोटं होतं. वाजत होतं, जरा बोथट, जरा आतल्या आत, बंद दाराआडून कुणी बोलावं तसं... आणि तो आवाज आपल्याला आवडला, हे तिनं पोरीला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? एवढंसं तर सांगायचं होतं.

चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला, सांडलेलं पुसलं नाही. मे महिन्याची सुट्टी, शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत ती एकटी, लग्न राहूनच गेलेलं, सत्तेचाळीस वर्षांचं वय. समोर कडा गावच्या माळावर साखर कारखान्याचं धुराडं, ज्यातून यंदा फार दिवस धूर निघालाच नाही, कारण ऊस होताच कुठे. जो होता तो जनावरांच्या छावण्यांकडे गेला. तिनं तुकडा रुमालात गुंडाळला, पर्समध्ये ठेवला. पोरीची वस्तू राहिली आहे, ती आई-बापांच्या छावणीत नेऊन द्यायची, असं ठरवल्यावर निघणं सोपं झालं. माफी मागायला निघाले आहे, असं मी स्वतःशी म्हटलं असतं तर दाराची कडीसुद्धा काढली गेली नसती माझ्याच्यानं.

शिरूर कासारकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीची काच वर सरकत नव्हती आणि गरम वारा सरळ डोळ्यांत येत होता. तिनं डोळे मिटले. मिटले की तो मांडव दिसायचाच... आठ मार्च, महिला दिन, दूध संस्थेचा मेळावा, निळं-पांढरं कापड, आणि माईकवर ती स्वतः.

तिच्याकडे शनिवार-रविवारी पाच-सहा मुली गिटार शिकायला यायच्या. पैसे ती घेत नसे. शाळेत इतिहास शिकवून पोट भरत होतं. एवढंच होतं की नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी गिटार हातात द्यायच्या आधी ती विचारायची, “कशासाठी शिकायचंय?” आणि वाट बघायची. एकीला मोबाईलवर व्हिडिओ टाकायचा होता, तिनं ते बेधडक सांगितलं. एकीच्या भावानं हट्टानं घेतलेली गिटार माळ्यावर पडून होती. ती म्हणाली, भावानं टाकलेली ही पहिलीच वस्तू अशी आहे की जी मला धुवावी लागत नाही. एक म्हणाली, पेटी समोर ठेवून वाजवायची असते, गिटार मांडीवर घेता येते, पोटाशी धरली की आवाज आधी आपल्याला लागतो आणि मग लोकांना. आणि एका लाजऱ्या पोरीनं, कारखान्यातल्या फिटरच्या मुलीनं, नखं कुरतडत सांगितलं होतं की दार लावून घ्यायला कारण मिळतं... ही कारणं उत्पला जपून ठेवायची. कुणाला दाखवायची नव्हती. रात्री उशीवर डोकं टेकवलं की एकेक आठवायची आणि तिला बरं वाटायचं. बरं का वाटायचं, ते तिनं कधी तपासलं नाही.

मनकर्णानं मात्र पहिल्या दिवशी कारण सांगितलं नाही. अकरावीतली पोर. आई-बाप दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे, ही कड्यात मावशीकडे राहून शिकणारी. ती यायची, सगळ्यांच्या मागे बसायची, आणि तिची बोटं बाकीच्यांपेक्षा लवकर वळायची. इतरांना तारेनं बोटं सोलली की रडू यायचं. हिनं चौथ्या दिवशी डाव्या हाताच्या बोटांची टोकं कौतुकानं पुढे केली होती. “हितं घट्टे पडले मॅडम. आईला तळव्यात हायेत, मला शेंड्यावर.” आणि महिन्याभरानं, इतर मुली गेल्यावर, गिटार पुसता पुसता, न विचारताच...

“तुमी विचारलं हुतं ना, कशासाठी.”

“हं.”

“मान खाली घालून बसता येतं म्हणून.”

“म्हणजे?”

“मान खाली घालून बसलेल्या पोरीला कुणी काई म्हणत न्हाई. शानी म्हणत्यात. आमी सगळ्या तशाच बसतोत. पर तसं बसल्यावर तितं खाली आपलं काईच नसतंय बगा, नुसती जमीन. हितं...” तिनं तारांवर तळवा ठेवला, “हितं असतंय.”

उत्पलाला भरून आलं होतं. तिला त्या पोरीचा हात धरावासा वाटला होता. आणि तेव्हाच, त्या भरून येण्याच्या आतच, एक दुसरी हालचाल झाली होती—आता एसटीच्या धक्क्यांत तिला ती नीट दिसत होती—हे लोकांना ऐकवलं पाहिजे, अशी. किती सहज आली होती ती! जणू मौल्यवान गोष्टीचं दुसरं काही करताच येत नाही, ती चारचौघांत मांडायचीच असते.

मग मेळावा. दूध संस्थेच्या बायका, पतसंस्थेच्या बायका, बचत गटाच्या, बिल्ले लावलेल्या, पाण्याच्या टँकरच्या वेळा सांभाळून आलेल्या. उत्पलाला निवेदन करायला सांगितलं होतं आणि तिनं ते आदल्या दिवशी लिहून काढलं होतं, दोनदा खोडून, चांगल्या अक्षरात. ‘दुष्काळाच्या या मातीत, एका ऊसतोड कामगाराची लेक...’ आणि त्याच्यापुढे, सगळं. मान खाली घालून बसण्याचं सगळं. नुसती जमीन असण्याचं. एका पोरीनं इतर पोरी गेल्याची खात्री करून सांगितलेलं, ते मी माईकवर सांगितलं. बायका टाळ्या वाजवायला लागल्या, पुढच्या रांगेतल्या एका अध्यक्षबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि मी—टाळ्यांनीच मला ते सुचवलं असावं—स्टेजवर खुर्चीत बसलेल्या मनकर्णाकडे वळून, माईक तोंडाशीच असताना, हसून म्हणाले, “आता मान वर कर बाळ. आता खाली बघायचं नाही.”

तिनं वर केली. शिकवणारी बाई सांगते म्हणून केली. दोन-तीनशे बायकांकडे तिनं एकदा पाहिलं, एकदा उत्पलाकडे, आणि तिचा उजवा हात दोनदा तारांवरून खाली गेला, तिसऱ्यांदा गेला नाही. ती रडली नाही. घाबरली असंही म्हणता येणार नाही. तिनं गिटार उचलून खुर्चीवर उभी टेकवली, घसरत नाही ना ते बघितलं, पायऱ्या उतरून खाली आली, आणि मांडवाच्या कनातीखालून वाकून बाहेर गेली. बायकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, सांभाळून घेणाऱ्या टाळ्या. आपल्या मनात तेव्हा काय आलं होतं, ते उत्पलानं अडीच महिने कुणाला सांगितलेलं नाही. तिच्या मनात आलं होतं, एवढी तयारी करून घेतली आणि हिनं ऐन वेळी...

एसटी शिरूरच्या स्टँडवर थांबली. तिथून काळीपिवळी जीप मिळाली, छावणी म्हणताच चालकानं नुसती मान हलवली. रोज तीच खेप असावी त्याची. तिच्या शेजारी पेंडीचं पोतं मांडीवर घेतलेला एक म्हातारा बसला, आणि पोत्याच्या त्या गोडसर कुबट वासाबरोबर तिला, काही संबंध नसताना, दवाखान्याची मागची पायरी आठवली.

सत्त्याऐंशी साल. तेव्हाही असाच दुष्काळ, कॉलनीत टँकर, हंड्यांच्या रांगा. तिचे वडील, आप्पा, कारखान्यात टाइमकीपर. दिवसा लोकांची हजेरी आणि संध्याकाळी गायन पार्टी. पेटी, ढोलकी, निळा फेटा. आप्पांचा आवाज माळावर पार रस्त्यापर्यंत जायचा. जयंतीच्या महिन्यात तर ते घरी नसायचेच, आष्टी, पाथर्डी, जामखेड, कुठून कुठून बोलावणी. उत्पलानं गावं ही त्यांची इच्छा होती आणि तिला गाता येत होतं, हीच अडचण होती. घरात एकही शब्द नुसता नव्हता. भिंतीवरच्या तसबिरी, जेवताना आप्पा सांगायचे त्या गोष्टी, आईच्या ओव्यासुद्धा आप्पांनी नव्या करून दिलेल्या, सगळ्याला अर्थ होता, आणि तो खरा होता, त्या अर्थानंच आपल्याला माणसात आणलं हे तिला पंधराव्या वर्षीही पुरतं कळत होतं. “आपल्या लोकांनी सूर वाया घालवायचा नसतो, पोरी,” आप्पा म्हणायचे. “लई जनांच्या जिवावर मिळालाय तो.”

त्यांच्या घशाच्या गोळ्या आणायला ती दवाखान्यात गेली होती. दुपारची वेळ, कुणी नाही. मागच्या पायरीवर अन्नम्मा सिस्टर बसलेल्या, केरळकडच्या, कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. मांडीवर गिटार आणि तोंड भिंतीकडे. समोर बघायला काही नाही, चुन्याची भिंत फक्त. त्या काही गात नव्हत्या. ते गाणं नव्हतंच; चार-पाच सूर होते, यायचे, थांबायचे, परत यायचे, कुणाला काही सांगायचं नसल्यासारखे... उत्पला किती वेळ उभी होती कोण जाणे. सिस्टरनी मागे वळून पाहिलं आणि पायरीवर थोडं सरकून घेतलं. बस्स. कशासाठी, असं विचारलं नाही. उत्पला बसली. त्या दिवसानंतर वर्षभर, आप्पा ड्यूटीवर असताना, ती त्या पायरीवर बसत राहिली. आणि जेव्हा सिस्टर नोकरी सोडून गावी गेल्या तेव्हा गिटार तिच्याकडे ठेवून गेल्या.

एवढा आवाज नसलेला आनंद तिला पुन्हा कधी झाला नाही. कारण मग घरात गिटार आली, आणि आप्पांनी ती पाहिली, आणि ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं... ते खूश झाले. पुढच्या जयंतीला त्यांनी तिला पार्टीबरोबर स्टेजवर बसवलं. “आमची लेक. इलायती वाद्य. आता बघा कुणाच्या बापाची हिंमत हाय आपल्याला आडवायची!” लोक उभे राहिले होते. उत्पला मान वर करून, न चुकता वाजवत होती. ती चुकली नाही, हेच. मनकर्णासारखं खुर्चीवर गिटार टेकवून ती उतरून गेली नाही. त्या रात्रीपासून गिटार सगळ्यांची झाली, आणि त्यात वाईट काय होतं, आजही तिला सांगता आलं नसतं.

“छावणी,” चालक म्हणाला.

उतरल्यावर आधी नुसता आवाज आला, शेकडो जनावरांच्या चघळण्याचा, एकसुरी. मग दिसलं. उघड्या माळावर हिरव्या जाळीचे आणि जुन्या साड्यांचे आडोसे, दावणींच्या रांगा, कानांत पिवळे बिल्ले अडकवलेल्या गाई, शेणाचे ढीग, आणि फाट्याजवळ ‘विकास सोसायटी’ असा फलक. माणसं जनावरांबरोबरच राहत होती. बाजा, चुली, दोरीवर वाळत घातलेले परकर. विचारत विचारत ती सातव्या रांगेत पोचली तेव्हा मालनबाई, मनकर्णाची आई, बाजेवर बसून भाकरीचे तुकडे फडक्यात बांधत होती. उंच, काटक, हनुवटीवर गोंदण.

“मी मनकर्णाची... शाळेतली. कड्याहून आले.”

“आगं बया! गिटारवाल्या मॅडम?” मालनबाई ताडकन उठली, बाज पदरानं झटकली. “बसा, बसा. लई सांगती तुमचं. आमचे मालक डेपोवर गेलेत पेंडीला. पोरगी पाणी आणायला गेलती, आली का काय... मने! मने गं! आडनाव काय म्हणलात तुमचं?”

“साळवे.”

“हां. घ्या, पाणी घ्या आगुदर. टँकरचंच हाय, पर गार हाय.”

उत्पला पाणी प्यायली. पेला खाली ठेवताना तिच्या लक्षात आलं की आडनाव सांगितल्यावर समोरच्या बाईचा पेला धरलेला हात थबकतो का, हे बघायचं आज राहिलं. आयुष्यभर तिनं तो हात बघितला होता, परक्या घरात, स्टाफरूममध्ये, लग्नाच्या मांडवात; नजर आपोआप जायची. आज ती नुसती आडोशाच्या टोकाकडे बघत बसली होती, जिथून मनकर्णा येणार होती.

“मला कळंना,” मालनबाई हळू आवाजात म्हणाली, “आमी तिकडं उसाच्या फडात. फोनवर रोज तेच सांगायची, आज हे वाजवलं, आज ते. आन एक दिवस बंदच. म्हणलं, कावून सोडलं गं? तर बोलतच न्हाई. मॅडम, तिचं काई चुकलं का?”

“नाही.” आणि मग, “तिचं नाही चुकलं.”

मालनबाईनं तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पुढचं वाक्य यायला हवं होतं. रस्त्यानं येताना ते तयारच होतं, माझं चुकलं, एवढे दोनच शब्द... पण तेवढ्यात मनकर्णा आली, डोक्यावर हंडा, आणि ते वाक्य जिथल्या तिथे राहिलं.

पोर काळवंडली होती. उत्पलाला बघून तिनं हंडा उतरवला, “आलात मॅडम,” म्हणाली, जणू येणार हे ठरलेलंच होतं, आणि सरळ दावणीकडे जाऊन कोयता उचलून उसाच्या कांड्या करायला बसली. गाईंना द्यायच्या. खट्, खट्, एका मापाच्या. आई-बाप दुसऱ्यांच्या रानातला ऊस तोडून आले आणि इथे पुन्हा ऊसच तोडायचा, जनावरांसाठी. मालनबाई फडकं घेऊन उठली, “बोला तुमी. मी धन्याला भाकर देऊन येते,” म्हणून निघून गेली, तिनं मुद्दाम वाट करून दिली, हे दोघींनाही कळलं.

उत्पलानं रुमाल सोडला. “तुझं हे राहिलं होतं.”

मनकर्णानं तुकडा घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि, काही विचार न करता, त्याच्या टोकानं अंगठ्याच्या नखातलं शेण काढलं. मग तो झग्याच्या खिशात टाकला. उत्पलाला हसू आलं.

“घट्टे गेले,” मनकर्णा डावा हात पुढे करून म्हणाली. बोटांची टोकं मऊ पडली होती. “म्हयनाभरात जात्यात. तुमी सांगितलं न्हवतं.”

“मला माहीत नव्हतं. मी कधी महिनाभर सोडली नाही.”

“कधीच?”

“कधीच.” हे खरं होतं आणि ते सांगताना तिला अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही. रोज सकाळी अर्धा तास, तीस-बत्तीस वर्षं, जयंतीची, मेळाव्याची, स्नेहसंमेलनाची गाणी. बोटांवरचे घट्टे तेवढे नेमानं राखले.

खट्, खट्. मग कोयता थांबला.

“मॅडम, एक इचारू? तुमी सगळ्यांना इचारता. तुमाला कावून शिकायची हुती?”

कुणी तिला हे विचारलं नव्हतं. स्टेजवर पाहुणे म्हणायचे, वडिलांचा वारसा. ती मान डोलवायची. आताही तेच तोंडात आलं, आप्पांमुळे, असं. ती म्हणाली, “काहीच म्हणायचं नव्हतं म्हणून.”

मनकर्णा वाट बघत राहिली, उत्पला मुलींची बघायची तशीच.

“आमच्या घरी सगळ्याला अर्थ होता. चांगला होता. मला एक गोष्ट अशी हवी होती की जिला... नसला तरी चालेल. उगाच वाजवलेलं. कुणासाठी नाही, कशासाठी नाही.” शब्द तोंडातून बाहेर पडताना तिला लाज वाटत होती, सत्तेचाळीसाव्या वर्षी चोरी कबूल करावी तशी. “ते मी कुणाला सांगितलं नाही.”

“मग माजं कावून सांगितलंत?”

आवाजात राग नव्हता. गाईनं मान पुढे केली होती, मनकर्णा तिला कांडी भरवत होती, आणि उत्तराकडे तिचं लक्ष होतं की नव्हतं, कळत नव्हतं. माझं चुकलं, हे आता म्हणता आलं असतं. पण त्या प्रश्नापुढे ते दोन शब्द फारच बुटके होते. ते म्हणून मोकळं होणं हासुद्धा एक कार्यक्रमच झाला असता. उन्हानं जाळीची सावली दोघींच्या पायांवर पडली होती, चौकटी चौकटींची, आणि उत्पलाला वाटलं, आपण सांगावं, आप्पांचंसुद्धा सांगावं. आणि तिनं सांगितलं.

सात वर्षं झाली. आप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, आवाज गेला होता. नुसता वारा यायचा, त्यातून शब्द ओळखावे लागायचे. माळावर रस्त्यापर्यंत जाणारा आवाज. दुपारी ती त्यांच्या कॉटशी बसून पार्टीचीच गाणी वाजवत होती, त्यांना बरं वाटावं म्हणून. त्यांनी हातानं थांबवलं. जवळ बोलावलं. “ते वाजव... दवाखान्याच्या पायरीवर वाजवायचीस... ते उगंचचं.”

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. टाइमकीपरच्या खिडकीपासून दवाखान्याची मागची भिंत कितीशी दूर! वर्षभर त्यांनी ऐकलं होतं आणि एका शब्दानं बोलले नव्हते, आणि स्टेजवर बसवून तिची ती पायरी काढून घेतली तेव्हाही त्यांना माहीत होतं, काय काढून घेतोय ते... की नव्हतं? तिला काय झालं त्या क्षणी ते तिला आजही सांगता येत नाही. पंचवीस वर्षांचं साठलेलं वर आलं आणि ती थंडपणे म्हणाली, “ते मला येत नाही आता, आप्पा.”

“येत हुतं?” मनकर्णानं विचारलं.

“येत होतं.”

“मग?”

“मग काही नाही. त्यांनी मान हलवली. पंधरा दिवसांनी गेले.”

शेजारच्या दावणीत कुणीतरी बादली आपटली. मग ती पोर, कोयत्याचं पातं चिंधीनं पुसत, अगदी साधेपणानं म्हणाली, “आन ते? तुमचे आप्पा? ते कावून गायचे?”

“लोकांसाठी. समाजासाठी.”

“ते नंतर, मॅडम. पयल्यांदी? ल्हान असतेत तवा कुणी समाजासाठी गातंय व्हय?”

उत्पलानं रिकामा रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मालनबाई परत आली, चहा झाला, काळ्या चहात गूळ. निघताना उत्पला जूनमध्ये येशील का असं म्हणाली, आणि मनकर्णा “बगू” म्हणाली, “बारावी हाय, आन आई-बाप पुन्हा जायचेत तोडीला, मी कुटं असंन काय म्हायती.” ते ‘नाही’ नव्हतं, ‘हो’ तर नव्हतंच. फाट्यापर्यंत सोडायला ती आली नाही. तिसऱ्या दावणीपाशी थांबली आणि एका वासराचं गुंतलेलं दावं सोडवायला खाली बसली.

फाट्यावर झाड नव्हतं. सोसायटीच्या फलकाची वीतभर सावली होती, तिच्यात उत्पला उभी राहिली. जीपला वेळ होता. ती येताना जे घेऊन आली होती ते तसंच परत चाललं होतं, पोरीकडे माफी मागितली गेली नव्हती, आप्पांची तर आता मागताच येणार नव्हती. तरी काहीतरी हललं होतं आणि ते बरं होतं की वाईट हे कळत नव्हतं. सात वर्षं तिचं दुःख कसं नीट लावून ठेवलेलं होतं. ज्यांना फक्त अर्थ कळतो अशा बापानं शेवटी बिनअर्थाचं मागितलं, आणि आपण दिलं नाही. एवढंच, एका ओळीत मावणारं. पण आप्पांना फक्त अर्थच कळतो, हे कुणी ठरवलं? दारात आलेल्या प्रत्येक पोरीला मी विचारलं. त्यांना कधी विचारलं नाही. लहानपणीचे आप्पा, म्हणजे आईविना वाढलेलं, दुसऱ्याची गुरं राखणारं, परळीकडच्या माळावरचं ते पोर, त्याच्या तोंडून पहिल्यांदा सूर निघाला तेव्हा समोर कोण होतं? समाज कुठे होता तिथे? गुरं होती.

आणि मग तिला आठवलं की दाढी करताना ते काहीतरी गुणगुणायचे. रोज सकाळी, क्वार्टरच्या ओट्यावर, आरसा खिडकीच्या गजाला टेकवून, गालाला साबण फासलेला असताना. पार्टीतल्या कुठल्याच गाण्याची ती चाल नव्हती. शब्दही नव्हते, तोंड साबणानं माखलेलं, शब्द निघणार कसे. ती आतल्या खोलीत वेणी घालत असायची आणि तिला वाटायचं, आप्पा रियाज करतात, संध्याकाळच्या कार्यक्रमाचा. इतकी वर्षं तो रियाजच आहे असं तिनं धरून ठेवलं होतं.

दूर रस्त्यावर धूळ दिसली. जीप असावी. उत्पला तिथेच उभी राहून ती चाल आठवायचा प्रयत्न करू लागली. खाली सुरू व्हायची, एवढं नक्की, आणि वस्तऱ्यासाठी हनुवटी वर केली की मध्येच थांबायची, आणि मग... मग कुठे जायची? डाव्या हाताची बोटं हवेत वळली, थबकली. तिला कारण नको होतं आता. कुणासाठी, कशासाठी, काहीही विचारायचं नव्हतं. ते नुसतं ऐकायचं होतं, एकदा, शेवटपर्यंत... आणि तिला ऐकू येत होतं ते फक्त मागच्या माळावरचं, शेकडो जनावरांचं संथ, न थांबणारं चघळणं.